आतड्यातले विष आणि आपला दस्तरखान

१९०४च्या जून महिन्यात पॅरिसमध्ये एक व्याख्यान झाले. विषय होता म्हातारपण आणि वक्ते होते पाश्चर इन्स्टिट्यूटचे नामवंत शास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ. माणूस वेळेआधी का झिजतो, या प्रश्नाचे त्यांनी दिलेले उत्तर चमत्कारिक होते. मोठ्या आतड्यात अन्नाचे अवशेष सडतात, तिथले जिवाणू विषारी द्रव्ये तयार करतात, ती रक्तात उतरतात आणि शरीर आतून पोखरतात, असे त्यांचे म्हणणे होते. उपाय म्हणून त्यांनी आंबवलेल्या दुधाकडे बोट दाखवले. बल्गेरियातले शेतकरी ते रोज खातात आणि पुष्कळ जगतात, असा त्यांचा दाखला होता.

वर्तमानपत्रांनी ही बातमी उचलून धरली. काही वर्षांतच युरोप-अमेरिकेच्या औषधी दुकानांत दह्याच्या जिवाणूंच्या गोळ्या आणि पावडरी विकल्या जाऊ लागल्या. चार वर्षांनी, १९०८ साली, मेचनिकॉफ यांना नोबेल मिळाले. मात्र ते दह्यासाठी नव्हते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना कशा गिळतात, या मूलभूत शोधासाठी पॉल एर्लिख यांच्यासोबत त्यांना तो सन्मान मिळाला होता. लोकांच्या लक्षात मात्र दहीच राहिले.

आज सव्वाशे वर्षांनी तोच बाजार नव्या नावाने भरला आहे. ‘डिटॉक्स’, ‘कोलन क्लीन्स’, ‘पोटातले विष बाहेर काढा’ अशा जाहिराती मोबाईलवर येतात. मुस्लिम मोहल्ल्यांत त्याच पुड्या हिरव्या वेष्टनात, खजुराच्या चित्रासह आणि ‘तिब्ब-ए-नबवी’च्या नावाने विकल्या जातात. दुसरीकडे मोठमोठ्या हॉस्पिटलांतले संशोधकही सांगतात की आतड्यातले जिवाणू हृदय आणि किडनीला त्रासदायक ठरू शकणारी द्रव्ये खरोखरच तयार करतात. मग पुडी विकणारा बरोबर आहे का? अजिबात नाही. आजाराबद्दलचा संशय खरा निघाला म्हणजे त्यावर सुचवलेला उपायही खरा ठरतो, असे होत नाही. या विषयाचा इतिहास हेच पुन्हा पुन्हा सांगतो, आणि त्याची किंमत अनेकांनी जिवाने मोजली आहे.

हकिमांचा हिशोब

पोटात काहीतरी सडते आणि त्यातून आजार होतो, ही कल्पना मेचनिकॉफ यांची नव्हे. प्राचीन इजिप्तमध्ये ती होती. इजिप्तचे लोक दर महिन्याला सलग तीन दिवस जुलाब घेऊन पोट साफ करतात, अशी नोंद ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने केली आहे. ग्रीक वैद्यक पुढे बगदादमध्ये अरबीत आले. तिथे त्याचा नुसता अनुवाद झाला नाही, तर त्यात भर पडली आणि त्याची चिकित्साही झाली. अबू बक्र अल-राझी यांनी खाद्यपदार्थांचे फायदे आणि त्यांच्यापासून होणारे अपाय टाळण्याचे मार्ग यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. अकराव्या शतकातले बगदादचे ख्रिस्ती तबीब इब्न बुतलान यांनी आरोग्याचे तक्ते तयार केले. ‘तकवीम अस-सिहा’ नावाचा तो ग्रंथ पुढे लॅटिनमध्ये गेला आणि युरोपात सचित्र प्रतींच्या रूपाने गाजला.

इब्न सीना (९८०-१०३७) यांच्या ‘अल-कानून फित्तिब’ची पद्धत आजही पाहण्यासारखी आहे. आरोग्य सहा गोष्टींवर अवलंबून असते, असे ही परंपरा मानते. हवा, खाणेपिणे, शरीराची हालचाल आणि विश्रांती, मनाची हालचाल आणि विश्रांती, झोप आणि जाग, आणि शरीरात काय साठते व काय बाहेर पडते. युनानी हकीम यांना ‘अस्बाब-ए-सित्ता जरूरिया’ म्हणतात. उपचाराचाही क्रम ठरलेला होता. आधी राहणीमान, मग आहार, त्यानंतर दवा, आणि सगळ्यात शेवटी हाताने करायचा उपचार, म्हणजे शस्त्रक्रिया.

या परंपरेचे गोडवे गाऊन थांबणे सोपे आहे, पण ते प्रामाणिक होणार नाही. चार खिल्तांचा सिद्धांत आज टिकत नाही. जुलाब देणे आणि रक्त काढणे यांचा हकिमांनी गरजेपेक्षा जास्त वापर केला. तरीही उपचाराचा तो क्रम शहाणपणाचा होता. तो उलटा केला की काय होते, ते विसाव्या शतकाने दाखवून दिले.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पोट हे सगळ्या आजारांचे घर आहे, अशा आशयाचे एक वचन हदीस म्हणून व्हॉट्सअॅपवर फिरत असते. चौदाव्या शतकातले विद्वान इब्न कय्यिम यांनी ते पैगंबरांचे वचन नसून अरब वैद्य हारिस इब्न कलदा यांचे असल्याचे तेव्हाच स्पष्ट केले होते. तिर्मिजीच्या संग्रहातली हदीस वेगळी आहे. तिच्यात पोटाचा एक तृतीयांश भाग अन्नासाठी, एक तृतीयांश पाण्यासाठी आणि एक तृतीयांश श्वासासाठी ठेवण्याचा सल्ला आहे. पहिल्या वचनातून भीती निर्माण होते. दुसऱ्या सल्ल्यातून खाण्याचे प्रमाण कळते. पुड्या विकणाऱ्यांना पहिलेच का आवडते, हे सांगायला नको.

पॅरिसचा गुरू, भायखळ्याचा शिष्य

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुन्या कल्पनेला प्रयोगशाळेचा आधार मिळाला. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑयगेन बाउमान यांनी १८७०च्या दशकात माणसाच्या लघवीत सल्फेटशी जोडलेली काही द्रव्ये शोधली. त्यांचे मूळ आतड्यात प्रथिने कुजण्यात आहे, हे त्यांनी ओळखले. १८८०च्या दशकात लुडविग ब्रिगर यांनी कुजणाऱ्या मांसातून काही रसायने वेगळी केली. १८८७ साली पॅरिसचे चार्ल्स बुशार यांनी या सगळ्याला ‘ऑटो-इंटॉक्सिकेशन’ असे भारदस्त नाव दिले. शरीर स्वतःलाच विष घालते, असा त्याचा अर्थ. याच पायावर मेचनिकॉफ यांनी आपली इमारत उभी केली.

या कथेचा एक धागा थेट मुंबईत येतो. ओडेसा विद्यापीठात मेचनिकॉफ यांच्या हाताखाली वाल्देमार हाफकीन नावाचा ज्यू विद्यार्थी शिकत होता. गुरूच्या मागोमाग तोही पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पोचला. १८९६ साली मुंबईत प्लेग पसरला, तेव्हा लस शोधण्याचे काम हाफकीन यांच्याकडे आले. जानेवारी १८९७मध्ये त्यांनी ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. लोकांचा लसीवर विश्वास नव्हता, अफवांना ऊत आला होता. अशा वेळी जेमतेम १९ वर्षांचे तिसरे आगाखान पुढे आले. त्यांनी सर्वांसमोर लस घेतली, आपल्या खोजा जमातीच्या हजारो लोकांना ती घ्यायला लावली आणि प्रयोगशाळेसाठी आपला खुश्रू लॉज हा बंगला दिला. परळची हाफकीन इन्स्टिट्यूट याच कामातून उभी राहिली.

आपल्या विषयासाठी महत्त्वाची आहे ती हाफकीन यांची पद्धत. भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना लस दिली गेली, बाकीच्यांना दिली गेली नाही, आणि मग दोन्ही गटांची तुलना झाली. लस घेतलेल्यांत आजारी पडणारे कितीतरी कमी निघाले. आजच्या नैतिक कसोटीवर तुरुंगातला प्रयोग प्रश्न उभे करतो, हे खरे. पण तुलना केली म्हणूनच लस उपयोगी आहे, हे छातीठोकपणे सांगता आले. गुरूच्या दह्याच्या सिद्धांताची अशी तुलना झालीच नाही. बल्गेरियाचे म्हातारे दही खातात, म्हणून दह्यामुळे माणूस म्हातारा होईपर्यंत जगतो, एवढ्यावरच सारे उभे होते. तेच म्हातारे शेतात राबत होते, साधे खात होते, हा हिशोब कोणी केला नाही. स्वतः मेचनिकॉफ नेमाने आंबट दूध पीत आणि कच्चे काहीही खाणे टाळत. १९१६ साली वयाच्या ७१व्या वर्षी हृदयविकाराने ते वारले.

सुरीचा काळ

दही खाऊन कुणाचे नुकसान झाले नाही. पुढे जे घडले ते मात्र भयंकर होते. लंडनचे नामांकित सर्जन सर विल्यम आर्बथनॉट लेन यांनी असा विचार केला की विषाचा कारखाना मोठे आतडे असेल तर ते आतडेच काढून टाकावे. बद्धकोष्ठ, थकवा, उदासी, सांधेदुखी अशा तक्रारी घेऊन आलेल्या रुग्णांची, त्यांत स्त्रियांचा भरणा जास्त, मोठी आतडी त्यांनी कापून काढली. प्रतिजैविके नसलेल्या काळातल्या या शस्त्रक्रिया होत्या. अनेक रुग्ण दगावले. १९१३ साली लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये यावर मोठा वाद झाला आणि लेन यांच्यावर टीकेची झोड उठली.

अमेरिकेत न्यू जर्सीच्या ट्रेंटन इथल्या मनोरुग्णालयात हेन्री कॉटन नावाच्या डॉक्टरने याहून पुढची मजल मारली. वेडाचे मूळ शरीरात दडलेल्या जंतूंत आणि त्यांच्या विषात आहे, असे ठरवून त्याने रुग्णांचे दात, टॉन्सिल आणि अखेर आतडी काढायला सुरुवात केली. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर मरणाऱ्यांचे प्रमाण त्याच्या स्वतःच्या आकड्यांनुसारही सुमारे ३० टक्के होते. या रुग्णांना ‘नाही’ म्हणायचा अधिकार नव्हता. कित्येकांच्या बाजूने बोलणारेही कुणी नव्हते. चुकीच्या खात्रीची किंमत बहुतेक वेळा अशाच माणसांना मोजावी लागते.

तिकडे मिशिगन राज्यातल्या बॅटल क्रीकमध्ये डॉ. जॉन हार्वे केलॉग आपल्या आरोग्यधामात श्रीमंत पाहुण्यांना एनिमा आणि दही देत होते. मांस वर्ज्य, कोंडा आणि धान्य भरपूर, असा त्यांचा आहार होता. न्याहारीच्या कॉर्नफ्लेक्सचा जन्म याच आरोग्यधामातला.

हा फुगा फोडला तो एका अगदी साध्या प्रयोगाने. १९१९ साली अमेरिकी डॉक्टर वॉल्टर अल्वारेझ यांनी शंका मांडली की बद्धकोष्ठात डोके दुखते, सुस्ती येते, पण शौचाला झाले की लगेच बरे वाटते. रक्तात विष असते तर इतक्या झटकन कसे उतरले असते? १९२२ साली डोनाल्डसन यांनी निरोगी स्वयंसेवकांच्या गुदाशयात कापसाचे बोळे भरून पाहिले. तीच डोकेदुखी, तीच सुस्ती आली. कापसात कसले विष? त्रास ताणाचा होता. यानंतर ‘ऑटो-इंटॉक्सिकेशन’ हा शब्द वैद्यकात हास्यास्पद ठरला आणि तीसेक वर्षांत जवळपास विस्मरणात गेला.

लेन यांच्या आयुष्याचा शेवटचा भाग मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्यांनी सुरी बाजूला ठेवली आणि १९२०च्या दशकात न्यू हेल्थ सोसायटी काढली. कोंड्यासकट धान्य, फळे, भाज्या खा, चाला-फिरा, असा प्रचार ते करू लागले. हकिमांच्या क्रमातल्या शेवटच्या पायरीवरून ते पहिल्या पायरीवर आले. पण मधल्या काळात गेलेली माणसे परत येणार नव्हती.

युगांडातला सर्जन

विषाची भाषा मागे पडली, पण आतड्याचा प्रश्न संपला नव्हता. तो वेगळ्या वाटेने परत आला. आयरिश सर्जन डेनिस बर्किट यांनी युगांडात अनेक वर्षे काम केले. युरोपातल्या हॉस्पिटलांत सर्रास दिसणारे आतड्याचे कर्करोग आणि इतर विकार तिथल्या खेडुतांत त्यांना क्वचितच दिसत. १९७२ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक तुलना प्रसिद्ध केली. आफ्रिकी खेड्यातल्या माणसाच्या पोटातून अन्न साधारण दीड दिवसात बाहेर पडत होते. ब्रिटिश माणसाला त्यासाठी तीन दिवसांहून जास्त लागत. फरक चोथ्याचा होता, म्हणजे ज्याला आज आपण फायबर म्हणतो त्याचा.

बर्किट यांच्या निरीक्षणाची कसोटी २०१५ साली लागली. अमेरिकेतल्या २० आफ्रिकी-अमेरिकी आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यातल्या २० माणसांनी दोन आठवड्यांसाठी एकमेकांचा आहार घेतला. अमेरिकेतल्यांना मक्याचे पीठ, घेवडा, भाज्या मिळाल्या. आफ्रिकेतल्यांना बर्गर आणि तळलेले बटाटे. अवघ्या दोन आठवड्यांत दोघांच्या आतड्यातली रसायने पालटली. चोथा खाणाऱ्यांच्या पोटात उपकारक ब्यूटिरेट वाढले आणि कर्करोगाशी संबंध जोडली जाणारी पित्ताम्ले घटली. बर्गर खाणाऱ्यांत नेमके उलटे झाले. वंश तोच, बदलले फक्त ताटातले अन्न.

याचे कारण समजायला अवघड नाही. मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना आधी चोथा हवा असतो. तो मिळाला की ते त्यापासून ब्यूटिरेटसारखी आम्ले बनवतात आणि आतड्याचे अस्तर त्यावरच पोसले जाते. चोथा संपला की ते न पचलेल्या प्रथिनांकडे वळतात. त्यातून इंडोल आणि पी-क्रेसॉल ही द्रव्ये तयार होतात. लिव्हर त्यांना सल्फेट जोडते, किडनी त्यांना लघवीतून बाहेर टाकते. बाउमान यांना १८७०च्या दशकात लघवीत सापडली होती ती अशीच द्रव्ये.

किडनीने दिलेली साक्ष

किडनी धड असेल तर ही द्रव्ये निमूटपणे बाहेर जातात. किडनी निकामी झाली की ती रक्तात साठतात. शिवाय ती रक्तातल्या प्रथिनांना चिकटून बसत असल्यामुळे डायलिसिसचे यंत्रही त्यांना नीट गाळू शकत नाही. किडनीच्या आणि हृदयाच्या वाढत्या नुकसानीशी त्यांचा संबंध दिसून आला आहे.

ही द्रव्ये मोठ्या आतड्यातूनच येतात, याचा भक्कम पुरावा २०११ साली मिळाला. अमेरिकेतल्या संशोधकांनी डायलिसिसवरच्या दोन प्रकारच्या रुग्णांचे रक्त तपासले. एका गटाचे मोठे आतडे शाबूत होते, दुसऱ्या गटाचे इतर आजारांमुळे काढलेले होते. आतडे नसलेल्यांच्या रक्तात पी-क्रेसिल सल्फेट आणि इंडॉक्सिल सल्फेट जवळपास नव्हतेच. म्हणजे लेन यांचा संशय एका अर्थाने खरा होता. कारखाना तिथेच होता. पण धडधाकट किडनी असलेल्या माणसाचे आतडे कापणे तेव्हाही चूक होते आणि आजही चूकच आहे.

मग करायचे काय? जपानमध्ये १९९१पासून किडनीच्या रुग्णांना खास कोळशाचे औषध पोटातून दिले जाते. आतड्यातच ही द्रव्ये शोषून घ्यावीत, हा हेतू. कल्पना तर्कशुद्ध होती. पण २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, दोन हजारांहून जास्त रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांत या औषधाने आजाराची वाटचाल रोखल्याचे सिद्ध झाले नाही. बाजारातल्या ‘डिटॉक्स’ पुड्यांना तर अशा चाचणीची झळही लागलेली नसते.

आहाराने मात्र या द्रव्यांचे प्रमाण खरोखर हलते. २०१२ साली शाकाहारी आणि मिश्राहारी निरोगी माणसांची तुलना झाली, तेव्हा शाकाहारींमध्ये या दोन्ही द्रव्यांची निर्मिती निम्म्याहूनही कमी निघाली. डायलिसिसच्या रुग्णांना विशिष्ट चोथा दिला तेव्हाही ती काही प्रमाणात घटल्याचे दिसले. यातून आयुष्य किती वाढते, हे सिद्ध व्हायचे आहे. पण दिशा स्पष्ट आहे.

मांसाचा प्रश्न

आता अवघड जागी येऊ. २०११ साली अमेरिकेच्या क्लीव्हलंड क्लिनिकमधल्या स्टॅनली हेझन यांच्या गटाने टीएमएओ नावाच्या द्रव्याकडे लक्ष वेधले. लाल मांस आणि अंड्याच्या बलकातल्या काही घटकांपासून जिवाणू एक वायू बनवतात आणि लिव्हर त्याचे टीएमएओ करते. २०१३ साली त्यांनी ४००७ हृदयरुग्णांचा तीन वर्षे घेतलेला मागोवा प्रसिद्ध केला. ज्यांच्या रक्तात हे द्रव्य सर्वाधिक होते त्या चौथाई लोकांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचा धोका सर्वात कमी असलेल्या चौथाईच्या सुमारे अडीच पट होता. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात एका पक्क्या शाकाहारी माणसाला मांसाचा तुकडा खायला दिला गेला. त्याच्या रक्तात टीएमएओ जवळपास वाढलेच नाही. मांस पचवून हे द्रव्य बनवणारे जिवाणू त्याच्या पोटात पोसलेलेच नव्हते. २०१९ साली ११३ जणांवर प्रयोग झाला. महिनाभर रोज लाल मांस खाल्ल्यावर टीएमएओ दुप्पट-तिप्पट झाले आणि ते सोडल्यावर महिन्याभरात खाली आले.

हे वाचून कुणी ‘बघा, आम्ही म्हणत होतोच’ असे म्हणेल, तर त्याने मासळीचा विचार करावा. समुद्री मासळीत टीएमएओ मुळातच भरलेले असते. मासे खाल्ल्यावर रक्तातली पातळी झपाट्याने चढते. तरी मासे खाणाऱ्यांचे हृदय त्यामुळे बिघडते, असे दिसलेले नाही. म्हणजे टीएमएओ हे खरे कारण आहे, की किडनी कमकुवत होत असल्याची खूण आहे, यावर अजून वाद आहे. कोकणातल्या मुसलमानाने बोंबील-सुरमई सोडावी, असे हे विज्ञान सांगत नाही.

आपल्या देशात मांस हा नुसत्या आहाराचा विषय राहिलेला नाही. कोण काय खातो यावरून घरे नाकारली जातात आणि माणसे मारली जातात. त्यामुळे मांस कमी करा, असे डॉक्टरने सांगितले तरी आपल्या कानाला तो हल्ला वाटतो. ही प्रतिक्रिया समजण्यासारखी आहे, पण तिचे नुकसान आपल्यालाच सोसावे लागते. राजकारण आपल्या ताटात डोकावते म्हणून आपण आपल्या किडनीकडे पाहणे सोडायचे नसते. मांसाच्या चटकेबद्दल पहिला इशारा कुणा विरोधकाने दिलेला नाही. दारूसारखीच मांसाचीही लत लागते, अशा आशयाची हजरत उमर यांची ताकीद इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’मध्ये आहे. अरबस्तानातल्या त्या पिढीचे रोजचे अन्न जव, खजूर आणि दूध हे होते. मांस मिळाले तर मेजवानी होती.

दस्तरखानावर काय असावे

आपली जुनी स्वयंपाकघरे हे गणित नकळत सांभाळत होती. मराठवाड्यातला दालचा पाहा. थोडे मटण, भरपूर चणाडाळ आणि दुधी भोपळा. मोहर्रमच्या खिचड्यात गहू आणि चार-पाच डाळी, त्यात मुरलेले मांस. सोबत ज्वारी-बाजरीची भाकरी. मांस चवीपुरते, पोट भरायला धान्य आणि डाळ. गेल्या काही दशकांत हे प्रमाण उलटले. डाळ गेली, भाकरीच्या जागी मैद्याची रोटी आणि पाव आले, आणि दावत म्हणजे मटणाच्या तीन-चार तऱ्हा असे समीकरण झाले. वर थंड पेय. गरिबी हटली म्हणून हे बदलले असेल तर आनंद आहे, पण डायलिसिसच्या खुर्च्याही भरू लागल्या आहेत.

बदल फार मोठा नाही. लाल मांस रोज न घेता आठवड्यातून एखाद-दोन वेळा, तेही डाळ किंवा भाजीसोबत. ताटात अख्खी कडधान्ये, पालेभाजी, भरड धान्य. दही-ताक जरूर घ्यावे, पण जादू म्हणून नाही. जेवणानंतर चालणे, पुरेशी झोप, आणि बद्धकोष्ठ अंगावर न काढणे. मल जितका काळ आतड्यात रेंगाळतो, तितका वेळ जिवाणूंना प्रथिने कुजवायला मिळतो. प्रतिजैविके मनाने घेऊ नयेत. कुर्बानीच्या गोश्तचे तीन वाटे करण्याची रीत फ्रीजने मोडीत काढली आहे. ती पाळली तर हक्कदारांचे भले होते आणि घरातल्यांचेही.

इसबगोलाची गोष्ट इथे सांगावीशी वाटते. घोड्याच्या कानासारख्या दिसणाऱ्या बीला फारसीत मिळालेले हे नाव. अरब तबीब ते ‘बज्र कतूना’ म्हणून वापरत आणि हकिमांनी ते इथे घरोघरी पोचवले. आज गुजरात-राजस्थानात पिकणारा त्याचा भुसा जगभर चोथ्याचे औषध म्हणून विकला जातो. ज्या परंपरेचे खिल्त खोटे ठरले, तिचीच ही साधी भुशी चाचण्यांत टिकली. परंपरेतले काय ठेवावे आणि काय सोडावे, हे असे तपासूनच कळते.

एक सावधगिरी. ज्यांची किडनी आधीच बिघडली आहे, त्यांनी फळे, डाळी, खजूर यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. त्यांच्यासाठी पोटॅशियम आणि फॉस्फरसचा हिशोब वेगळा असतो. रमजानचे रोजे ठेवायचे की नाही, हेही त्यांनी डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे. आजाऱ्याला सवलत शरीयतनेच दिली आहे.

बुशारपासून कॉटनपर्यंत सगळ्यांना आतड्यातले विष बाहेर काढायचे होते. जुलाबाने, एनिम्याने, नाही जमले तर सुरीने. शंभर वर्षांच्या धडपडीनंतर उत्तर मिळाले ते दुसऱ्याच बाजूने. आत राहणाऱ्या जिवाणूंना तुम्ही खायला काय घालता, यावर ते तुम्हाला काय परत देतात हे बरेचसे ठरते. त्यामुळे पुढच्या वेळी कुणी पोट साफ करणारी पुडी हातात ठेवली, मग तिच्यावर इंग्रजी नाव असो की अरबी, त्याला एकच विचारावे. ही घेतलेल्यांची आणि न घेतलेल्यांची तुलना कुठे झाली आहे? उत्तर नसेल तर ते पैसे चणाडाळीवर खर्च करावेत.